बॅलीहॉर्नचे तेरा

हात वर होता. कुणाचा, हे कळायला बिरुदेवला थोडा वेळ लागला. समोरच्या भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो होता, फोटोच्या काचेत पंखा फिरताना दिसत होता आणि पंख्याच्या खाली ओळीनं वर झालेले हात. त्यातला एक बारीक, काळा, मनगटावर स्टीलचं घड्याळ. असलं घड्याळ आपल्याकडंही आहे, असं त्याच्या मनात आलं आणि मग कळलं, हात आपलाच आहे. तो खिडकीतून खाली बघत होता. खाली महापालिकेचा टँकर उभा होता, त्याची तोटी गळत होती, आणि पाणी आज सुटणार की उद्या, बायकोनं, रुपालीनं, सकाळी काय सांगितलं होतं, हे तो आठवत होता. तेवढ्यात अध्यक्षांनी, आबांनी, "मंजूर?" म्हटलं असणार. काय मंजूर, कुठला विषय, काही कानावर आलं नव्हतं. डोकं टँकरपाशी होतं आणि हात आबांच्या शब्दाला धावून गेला होता. बाकीचे हात खाली आले तसा तोही खाली आला, मांडीवर येऊन पडला, आणि बिरुदेव त्याच्याकडं बघत राहिला. शी, असं तो म्हणाला. मनातच म्हणाला.

सभेनंतर जेवण. शिक्षणसंस्थेच्या सभेला जेवण असायचंच, आणि ते शेंगापोळीचंच असायचं, वर तुपाची धार. तेरा सभासद म्हणजे आबा, आबांचे दोन मेहुणे, एक व्याही, आबांच्या घरचे डॉक्टर, आबांचा जुना ड्रायव्हर, ऊसतोडीचा एक मुकादम, असं करत करत तेरावा हा, प्राध्यापक बी. वाय. संस्थेच्याच कॉलेजात त्याला सगळे बी. वाय. सर म्हणायचे. बिरुदेव येडू ही बापलेकांची नावं त्यानं नोकरीला लागतानाच दोन इंग्रजी अक्षरांत घडी घालून ठेवली होती. "आमच्यात मेंढक्या समाजाचा एक शिकलेला मानूस पायजे," म्हणून आबांनी त्याला सभासद करून घेतलं, शाल घातली, नारळ दिला, आणि त्या दिवशी बिरुदेवला खरोखर बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवून त्याला आता घास गिळवेना. तरी तो गिळत होता. शेजारी मुकादम बोटं चाटत होता, प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत, आणि बिरुदेवच्या लक्षात आलं की आपणही बोट तोंडात घातलेलं आहे.

हात धुवायला तो बेसिनपाशी गेला, तर तिथं संस्थेचा कार्यालय अधीक्षक अमरेश चूळ भरत होता. अमरेश माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याचं बरं झालं की मनापासून खूश व्हायचा, एवढाच त्याचा दोष. "सर, आज तुमचं नाव लागलं, बेस झालं," तो रुमालानं तोंड पुसत म्हणाला.

"कशाला लागलं?"

"मोहोळच्या वसतिगृहाच्या ठरावाला की. सूचक आबांचे मेहुणे, अनुमोदक तुम्ही. तिथलाच शिकलेला माणूस अनुमोदक म्हटल्यावर बाहेर कोण तोंड उघडणार? आबांची डोकॅलिटी बघा."

"वसतिगृहाचं काय ठरलं?"

अमरेशनं त्याच्याकडं पाहिलं आणि हसला. त्याला वाटलं, सर गंमत करतायत. मग त्यानं सांगितलं. वसतिगृह बंद. हायवे रुंद झाल्यापासून त्या जागेकडं सगळ्यांचे डोळे लागलेत, तिथं मंगल कार्यालय उठणार, मोठं, गाड्या लावायला जागा असलेलं. मुलांचं समायोजन टेंभुर्णीच्या शाळेत. टेंभुर्णीला वसतिगृह नाही, हे अमरेश बोलला नाही, पण बिरुदेवला माहीत होतं. "अजून पक्कं नाही हां," अमरेश म्हणाला, "जागेचा ठराव पुढच्या सभेत कायम करावा लागतो, संस्थापकांनी घटनेतच तशी अट घातलीय. पुढच्या आठवड्यात करून टाकू. नुसता हात वर करायचा." बिरुदेवनं नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. तुपाचे हात तसेच घेऊन तो घरी आला.

घरी बादलीतलं पाणी मोजून मापून वापरायचं, सोलापुरात दुसरं काय. त्यानं साबण लावला, तांब्याभर पाण्यानं हात धुतला, वास घेतला. तूप होतंच. पुन्हा धुतला. तिसऱ्या तांब्याला रुपाली दारात येऊन उभी राहिली. "अहो, पाणी परवा येणार आहे, हाताला काय झालंय एवढं?" काही नाही, तूप, तो म्हणाला. "मग चांगलंय की," ती म्हणाली, "इथं तूप बघायला मिळत नाही," आणि बादलीवर झाकण ठेवून गेली. तिला सांगावं असं त्याला वाटलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग आता तुम्ही काय करणार? हा प्रश्न त्याला कुणाच्याच तोंडून ऐकायचा नव्हता. सोफ्यावर बसून तो उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवून बघत राहिला. याच हातात बापानं एकदा त्याचं बोचकं दिलं होतं. मोहोळच्या वसतिगृहाच्या फाटकाशी. मागं रस्त्यावर मेंढरं थांबलेली, ती काही फार वेळ थांबत नाहीत, म्हणून बाप घाईत होता. येडू म्हणजे काही लाड करणारा माणूस नव्हता. "हितं ऱ्हा. हितं भाकरी हाय, मावशी हाय. आमच्या मागं फिरलास तर मेंढरागत फिरत ऱ्हाशील," एवढंच तो बोलला आणि काठी खांद्यावर टाकून वळला. मेंढरांची धूळ बराच वेळ दिसत होती. बिरुदेव रडला नव्हता. त्याला राग आला होता, आणि त्या रागातच फुलाबाईनं, त्याच्या आईच्या धाकट्या बहिणीनं, त्याचं मनगट धरून आत नेलं होतं. फुलाबाई तेव्हाही तिथं भाकरी थापायची आणि आजही थापते. नवरा गेल्यावर ती स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायला आली ती तिथलीच झाली. तिला दुसरं घर नाही. हे सगळं माहीत असलेला हात सकाळी वर गेला होता. कसा गेला? कुणी धरून वर केला असता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

आणि गंमत म्हणजे, जगात या विषयावर कुणी अधिकारानं बोलावं तर ते बिरुदेवनंच. त्याची पीएचडीच असल्या हातांवर होती. आयर्लंडमधलं बॅलीहॉर्न नावाचं एक टिचभर गाव, आणि त्या गावाचा एकेकाळचा मतदारसंघ. कॉलेजात लोक हसायचे, मेंढक्याचं पोरगं आणि आयर्लंड? तर त्याच्या मार्गदर्शकांनी तरुणपणी विलायतेला जाऊन आणलेल्या झेरॉक्सच्या पेट्या पडून होत्या, त्यातली एक याच्या वाट्याला आली, असं तो सांगायचा. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. सोलापूरवर लिहायचं तर कुणाच्या तरी आजोबांना दुखवावं लागलं असतं, आणि ज्यांचे आजोबा त्यांचीच कॉलेजं. आयर्लंडमधल्या गावच्या जमीनदार मालकाला वाट्टेल तेवढं झोडपता येत होतं. त्यानं झोडपलंही होतं. राजाच्या सनदेनं गावाला डब्लिनच्या संसदेत दोन खासदार पाठवायचा हक्क मिळाला, आणि निवडून देणारे किती, तर तेरा. एक प्रमुख, बारा सभासद. गावात शेकड्यांनी माणसं राहत होती, विणत होती, बटाटे लावत होती, मरत होती, त्यांना मत नाही. आणि हे तेरा कोण, तर मालकाचे भाचे, मालकाचा कारभारी, मालकाचा वैद्य, मालकाचा गाडीवान. त्यातल्या निम्म्यांनी बॅलीहॉर्न डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मालकानं नाव सांगायचं, तेरा हात वर. सनदेपासून मतदारसंघ बुडेपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं हेच, बापाचा हात खाली आला की मुलाचा वर. "निर्लज्ज" असा शब्द त्यानं प्रबंधात वापरला होता आणि मार्गदर्शकांनी तो खोडून "परावलंबी" असा केला होता. निर्लज्ज काढल्याचं बिरुदेवला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. बॅलीहॉर्नचा प्रमुख डोळ्यांसमोर आणायचा तर त्याला नेहमी एक थुलथुलीत, घामट हाताचा माणूस दिसायचा. आता ते हात सुकले, काळे झाले, आणि मनगटावर घड्याळ आलं.

पुढचं तर आणखी किळसवाणं होतं, आणि तोच त्याच्या प्रबंधाचा कळस. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्रजांनी ठरवलं, डब्लिनची संसदच बंद करायची, आयर्लंड लंडनला जोडायचं, असले टिचभर मतदारसंघ रद्द. म्हणजे बॅलीहॉर्नचा एकुलता एक मान जाणार. मालकानं विचार केला आणि होय म्हणायचं ठरवलं. मग ते तेरा जण जमले आणि त्यांनी एकमतानं विनंती केली की संसद बंद करावी, आमचा हक्क गेला तरी आमची तक्रार नाही. स्वतःच्याच पायाखालची फळी काढायला स्वतःच हात वर. प्रबंध लिहिताना त्या पानावर बिरुदेव कितीतरी दिवस अडून बसला होता. असं कसं कुणी करतं? एकालाही वाटलं नाही? त्यानं उलटसुलट कारणं शोधली, भीती, लोभ, सवय. आणि शेवटी निष्कर्षात एक वाक्य लिहिलं, जे मार्गदर्शकांना फार आवडलं: मतदारसंघ रद्द झाल्यानं गावातल्या सामान्य रहिवाशांच्या जीवनात काही फरक पडला नाही, कारण त्यांना मुळात मत नव्हतंच. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते वाक्य वाचून मान डोलावली होती. बिरुदेवही डोलला होता. आता सोफ्यावर बसल्या बसल्या त्याला त्या वाक्याची घाण वाटली. फरक पडला नाही, हे तुला कुणी सांगितलं रे? तू विचारलंस कुणाला? त्या गावात कुणी एक बाई भाकऱ्या नसेल भाजत, काहीतरी भाजतच असेल की.

मधल्या दिवसांत तो कॉलेजात गेला, तास घेतले, फळ्यावर उजव्या हातानं लिहिलं. खडू धरलेली बोटं त्याला बघवेनात. मस्टरवर सही करताना हात आपोआप चालला, तेव्हा तो दचकून थांबला आणि बी. वाय. या अक्षरांकडं बघत बसला, इतका की मागचे सर म्हणाले, "काय, सही विसरलात?" आबांना जाऊन भेटावं, सरळ सांगावं, असं रोज सकाळी वाटायचं. दुपारी वाटायचं, फोन करावा. संध्याकाळी वाटायचं, सभेतच बोलू, रीतसर, सगळ्यांसमोर, ते जास्त चांगलं. हे जास्त चांगलं म्हणणारा आतला आवाज त्याच्या ओळखीचा होता. प्रबंधाला बॅलीहॉर्न घ्यायला लावणारा तोच.

गुरुवारी फुलाबाई आली. पाण्याचा दिवस होता, रुपाली पिंपं भरत होती, दारात पायपाचं वेटोळं पडलं होतं आणि ते ओलांडून फुलाबाई आत आली. अंगावर हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत कडक भाकऱ्या. ती बसली नाही, आधी पाइप हातानं पिंपाकडं वळवला, मग भिंतीला टेकली. "बिरू, वसतिगृह बंद करत्यात म्हनं," ती म्हणाली. "मोजणीची मानसं आली व्हती. मास्तर म्हनला, सभेत ठरलंय. खरं हाय का रं?"

"अजून पक्कं नाही मावशी."

"मग तू बोल की. तू तितं सभासद हायस. आबाला म्हनावं, पोरांची आईबापं आता कुटं असतील, कऱ्हाडाकडं का कोकणात, त्येंस्नी ठावंबी न्हाय. पोरांनी कुनाच्या दारात जायाचं?" मग तिनं पिशवी खाली ठेवली. "माजं सोड. मी कुटंबी पडंन. माजं न्हाय म्हनत मी."

रुपाली पिंपाशी थांबून ऐकत होती. "मावशी, हे बोलतील की," ती म्हणाली, "यांचं ऐकतात आबा." बिरुदेवला तिचा राग आला, आणि मग तिला खरं माहीत नाही याचं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची पुन्हा शिसारी. त्यानं सांगितलं असतं, आत्ता, इथं, पायपातून पाणी पडत असताना, की मावशी, त्या ठरावाला माझं नाव आहे, तर काय झालं असतं? ती रडली नसती. तिनं मान हलवली असती, आणि वर, तुजाबी नाइलाज असंल बाबा, असं काहीतरी म्हणाली असती. ते समजून घेणं त्याला नको होतं. "बोलतो," तो म्हणाला. "शनिवारी सभा आहे. उभा राहूनच बोलतो." फुलाबाईचा चेहरा सुटला. मग ती खाली बसली, पाणी प्यायली, आणि शनिवारपर्यंत इथंच राहते म्हणाली, निकाल ऐकूनच जाईन. तीन दिवस ती त्या घरात भाकरी थापत राहिली. बिरुदेव तिच्या हाताकडं बघायचा, ते हात थापताना थांबायचे नाहीत, आणि तो पानावरून लवकर उठायचा.

शनिवारी तो पांढरा शर्ट घालून गेला. तीच खोली, तोच फोटो. मुकादमानं पान लावलं होतं, त्याचा लाल ओघळ हनुवटीवर आला होता आणि तो पुसतही नव्हता. आबा गादीवर बसले होते, आबांचा आवाज नेहमी मऊ, कधी चढायचा नाही, चढवायची गरजच पडली नव्हती कधी. "मागच्या सभंचं कार्यवृत्त कायम करायचं," आबा म्हणाले. "कुनाला काय बोलायचंय?" हे आबा दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी कुणी बोलायचं नाही, म्हणजे तो प्रश्न नव्हताच, नारळ फोडायच्या आधी त्यावर पाणी घालतात तसं काहीतरी होतं. बिरुदेव उभा राहिला. गुडघा खुर्चीला आपटला. "आबा, मला बोलायचंय."

सगळ्यांनी माना वळवल्या. अमरेश कौतुकानं बघत होता, त्याला वाटलं, सर आभार मानणार. बिरुदेवला एवढंच म्हणायचं होतं की वसतिगृह बंद करू नका, माझा याला विरोध आहे, माझं नाव काढा. तीन वाक्यं. ती त्यानं रिक्षात घोकली होती. पण तोंड उघडलं तर बाहेर आलं ते बॅलीहॉर्न. "आयर्लंडमध्ये एक गाव होतं," तो म्हणाला, आणि त्याला वाटलं, ठीक आहे, तिकडून सुरू करून मोहोळला येऊ, दाखला दिला की मुद्दा पक्का बसतो. पंचवीस वर्षं वर्गात तो असाच बोलत आला होता, आधी पार्श्वभूमी, मग विषय. त्यानं सनद सांगितली. मालक सांगितला. तेरा जण सांगितले, भाचे, वैद्य, गाडीवान. गाडीवानावर आला तेव्हा त्यानं आबांच्या ड्रायव्हरकडं मुद्दाम पाहिलं. आता तोंडं उतरतील, तो वाट बघत होता. ड्रायव्हर खुशीत ऐकत होता. सगळेच ऐकत होते, पाय पसरून, देवळात कथा ऐकावी तसे. डॉक्टरांनी तर मोबाइल बाजूला ठेवला.

"थांबा सर," आबा म्हणाले. "तेरा? आन् आपन किती?" त्यांनी बोटानं एकेकाला मोजायला सुरुवात केली, बिरुदेवशी येऊन थांबले. "आपन बी तेराच की." सगळे खदखदा हसले. मुकादमाला ठसका लागला. बिरुदेवच्या कानशिलात ऊन ऊन झालं, पण त्याला वाटलं, आता, आत्ताच. हसू ओसरायच्या आत तो म्हणाला, "त्या तेरा जणांनी आबा, स्वतःचाच मतदारसंघ बंद करायला हात वर केले. मालकानं सांगितलं म्हणून. गावाला न विचारता." आबा पुढं वाकले. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं कुतूहल होतं, पहिल्या बाकावरच्या हुशार विद्यार्थ्याच्या डोळ्यांत असतं तसं.

"मग मालकाला काय मिळालं?"

इथं गप्प बसायचं होतं. नाहीतर म्हणायचं होतं, आबा, तो मुद्दा नाही. पण प्रश्न बरोबर होता, नेमका होता, त्याच्या प्रबंधातल्या एका सबंध प्रकरणाचा होता, आणि बिरुदेव मास्तर होता. नेमका प्रश्न आला की त्याला उत्तर येतं. "भरपाई," तो म्हणाला. "रद्द झालेल्या मतदारसंघाच्या मालकांना सरकारनं पंधरा पंधरा हजार पौंड दिले."

"त्या काळात?"

"हो. त्या काळात फार मोठी रक्कम."

"आन् गावाला?"

"काही नाही."

"गावानं बोंब मारली का?"

बिरुदेवला प्रबंधातलं ते वाक्य दिसत होतं, छापलेलं, ठळक, शेवटून दुसऱ्या पानावरचं. "तशी नोंद सापडत नाही," तो म्हणाला.

"बघा," आबा मागं टेकले. "विलायतेत सुद्धा काळ बदलला की जुनं मिटवावं लागतंय. मालकानंच मिटवावं, दुसऱ्यानं मिटवायची वाट बघू नये. अमरेश, सरांनी इतिहासाचा दाखला दिला म्हनून लिवून घ्या. एवढं अभ्यासाचं अनुमोदन आपल्या सभंत आजवर कुनी दिलं नव्हतं." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. "पण आबा," बिरुदेव म्हणाला आणि त्यानं उजवा हात वर केला, वर्गात मुलांचा गोंधळ थांबवायला करायचा तसा, तर्जनी सरळ. त्याच वेळी आबा म्हणाले, "कायम?" आणि बारा हात वर झाले. फोटोच्या काचेत तेरा दिसत होते.

हात खाली घेता आला असता. हे बिरुदेवला तिथंच, त्या क्षणी, स्वच्छ कळत होतं, आज टँकर नव्हता, डोकं दुसरीकडं कुठंही नव्हतं. हात खाली घ्यायचा एवढंच, मग सगळ्यांना दिसलं असतं की बाराच आहेत. आबांनी भुवई उचलली असती. अमरेशचं पेन थांबलं असतं. मग काय झालं असतं? पुढच्या वर्षी सभासदत्व गेलं असतं, प्राचार्यपदासाठी आपलं नाव आहे म्हणतात ते गेलं असतं, यापेक्षा जास्त काय? त्यानं हाताला सांगितलं, ये खाली. दंड भरून आला होता. तर्जनी वाकली, बाकीची बोटं उघडली, नीट पंजा झाला, इतरांचा होता तसा. तो पंजा त्यानं स्वतः केला. अमरेशनं मोजलं, लिहिलं, "एकमतानं" म्हणाला, आणि आबांनी मान हलवली तेव्हा कुठं तो खाली आला. अस्सा आहेस तू, बिरुदेव मनात म्हणाला, आणि त्याला आश्चर्य वाटलं नाही. बॅलीहॉर्नच्या त्या पानावर तो एवढे दिवस कशासाठी अडून बसला होता कोण जाणे. काही अवघड नव्हतं त्यात. मग पत्रावळी मांडल्या गेल्या. आबांनी त्याला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हातानं तूप वाढलं. तो जेवला. पोळी गोड होती, मऊ होती, दुसरी घेतली.

रिक्षा न करता तो चालत घरी आला. ऊन मी म्हणत होतं. वाटेत टॉवेलच्या कारखान्यातून यंत्रमागांचा खडखडाट येत होता, दारात एक म्हातारा बनियनवर उभा राहून वारा घेत होता, आणि बिरुदेवला वाटलं, इथं उभं राहावं, आवाजात, काही ऐकू येत नाही ते बरं. पण तो थांबला नाही. घराचं दार उघडंच होतं. फुलाबाई उंबऱ्याशी बसली होती, पिशवी भरून, लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन, गाडीला निघायच्या तयारीत. आत रुपाली कपड्यांच्या घड्या करत होती, तीही हातातलं टाकून पुढं आली.

"बोललास का रं?" फुलाबाईनं विचारलं.

"बोललो मावशी."

"उभा ऱ्हाऊन?"

"उभा राहून. बराच वेळ बोललो."

"मग? काय म्हनले?"

"सगळ्यांनी ऐकून घेतलं," तो म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हेही सांगता आलं असतं, तेही खरंच होतं. त्याच्या घशाशी तूप आलं. फुलाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि ती काही दुधखुळी नव्हती, साऱ्या जन्मात तिनं पोरांची तोंडं बघूनच कोण जेवलं, कोण उपाशी, कुणी चोरून काय खाल्लं ते ओळखलं होतं. तिला किती कळलं, ते बिरुदेवला कळलं नाही. तिनं कनवटीची गाठ सोडून एक पुडी काढली. "बिरोबाचा भंडारा हाय. तू बोलाया गेलास तवाच देवाला सांगितलं व्हतं, माज्या पोराला तोंड उघडू दे, मग निकाल काय का लागंना. हात कर."

त्यानं हात पुढं केला. डावा.

"उजवा कर की, बिरू. देवाचं हाय."

तो हात पँटच्या खिशात होता, कधी गेला होता कोण जाणे. त्यानं तो बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला. फुलाबाईनं त्याचं मनगट पकडलं, घड्याळाच्या वर, फाटकाशी धरलं होतं तिथंच, आणि हळदीची चिमूट तळव्यावर टाकून अंगठ्यानं चोळली. मग ती जराशी वाकली. तिनं वास घेतला.

"पोळी व्हती व्हय रं सभंला?" ती म्हणाली.

"व्हय," बिरुदेव म्हणाला.